दोन बोटं माया

नवी पेठेत गादीवर टेकले,
पोरानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग कपाटाकडं,
आणि खालचा खण उघडला.
गडद निळी. गडद जांभळी. काळीच म्हणावी अशी हिरवी.
"मावशी, यात जरा बारीक दिसता."

लग्न स्रवंतीचं, धाकट्या बहिणीच्या थोरलीचं.
तलंब्रालूला, तांदळाच्या ओंजळी रिकाम्या होताना
मी तिच्या मागं उभी असणार,
म्हणजे प्रत्येक फोटोत मी.
अर्धी तरी.

वदिनानं फोनवर बजावलंय:
जॉर्जेट घे, अंगासरशी बसतं.
बारीक बुट्टा बघ, मोठ्या काठाच्या नादी लागू नको.
आणि महिनाभर रात्रीची भाकरी बंद.

जॉर्जेट अंगासरशी बसतं, खोटं नाही.
माझ्या अंगावर तर
जिथं बोलावलं नाही तिथंही जाऊन बसतं.

मी अक्कलकोट रोडला शाळांचे युनिफॉर्म कापते,
एकोणीस वर्षं झाली.
चाळीस थर कापड, वर खडू, वर माझा हात.
बावीस, चोवीस, सव्वीस…
यादीच्या तळाला एखादंच नाव,
पुढं लाल पेनानं: स्पेशल.
सहावी ब. कंबर अडतीस.
त्या पोराला मी कधी पाहिलेलं नाही.
पण त्याची पँट कापताना
सुपरवायझर चहाला गेला की
बाजूच्या शिवणीला दोन बोटं जास्त सोडते.
दिवाळीनंतर उसवता यावी, कुणाला न सांगता.

आमच्या धंद्यात याला माया म्हणतात.

"वरच्या खणातलं काढ की," मी म्हटलं.
"मावशी, ते मोठ्या काठाचं—"
"तेच."
आंब्याच्या रंगाची नारायणपेठ, काठ वीतभर, लाल.
खांद्यावर टाकली तर सुळकन घसरली नाही,
चिकटली नाही,
थोरल्या घरच्या सुनेसारखी
अदबीनं जरा लांब उभी राहिली.
आरशात मावले नाही पूर्ण.
आरसाच अरुंद होता. त्याच्या कडेला
टॉवेलाच्या कंपनीचं स्टिकर.

ब्लाऊज मेहरुन्निसा आपाकडं.
मापाला म्हणून माझ्या लग्नातला नेला.
तिनं तो उलटा केला, खिडकीशी धरला.
काखेखाली जुन्या टाक्यांच्या भोकांच्या तीन रांगा.
पहिली वेणूच्या बाळंतपणानंतरची.
दुसरी थायरॉइडची गोळी लागली तेव्हाची.
तिसरी ज्या वर्षी ह्यांचे माग भंगारात गेले
आणि मी रात्री उठून थंड भात खायची.
आपानं बोट फिरवलं, विचारलं काही नाही.
शिवणीच्या आतला राणी रंग
अजून बावीस वर्षांपूर्वीसारखा करकरीत.

टेप गुंडाळताना मी श्वास ओढला,
लहानपणापासून ओढते तसा.
"पेट अंदर कायकू खींचती गे?
शादी में खाना नै क्या?"
मी सोडला.
टेप सरकली, सरकत गेली.
बाकड्यावर दोन कॉलेजच्या पोरी बसलेल्या,
आपानं आकडा मोठ्यानं उच्चारला नाही,
वहीत उर्दूत लिहिला
आणि वही मिटली.

काल ब्लाऊज आला.
सवयीनं आधी आतूनच पाहिला.
बोटं लावून मोजलं.
"आपा, मी दोन बोटं सांगितली होती. ही तीन."
तिकडं मशीन चालूच, तोंडात टाचणी:
"एक मेरी तरफ से."

वदिनाला अजून साडीचा रंग सांगितलेला नाही.
खालून दुसरा हूक उलटा लागलाय.
तो रात्री बदलेन बसून,
भाकऱ्या झाल्यावर,
जेवून.